पो

मे महिन्यात, सकाळी सहाला
टेकाडे मॅडमच्या मागं मी पिशव्या घेऊन चालतो.
रोज साडेतीनशे, आणि दुपारचा डबा.
त्या वाकल्या की मी वाकायचं,
त्यांनी उचललं की मी नंबर टाकायचा.

बोरगव्हाणच्या उत्तरेला काळी जमीन संपते,
लाल पट्टा लागतो, जिथं पऱ्हाटी धड येत नाही.
नांगराला अडतात म्हणून तिथले गोटे
बापानं धुऱ्यावर फेकले, बापाच्या बापानंही.
आम्ही पोरांनी त्यांनी बोरं पाडली,
कुत्री हाकलली.

ते शेण होतं, म्हणतात मॅडम.
साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं,
वास गेलेलं, दगड झालेलं.
शाळेच्या पुस्तकात होता तो लांब मानेचा,
पाण्यात उभा, डोंगराएवढा.
चित्रकारानं त्याला हागताना काढलं नव्हतं
म्हणून आम्हाला सुचलं नाही.

एका संध्याकाळी मॅडम अंगणात चहाला बसल्या.
माय गोवऱ्या थापत होती.
मॅडमनी तीन गोटे तिच्यापुढं ठेवले,
थोडं लाजून,
परीक्षेत शेजारच्याला विचारावं तसं.

पर्वताबाई नन्नावरे, शाळा दुसरी,
अठ्ठेचाळीस वर्षं गुरांमागं.
तिनं हात पदराला पुसले.
पहिला उलटा करून पाहिला.
"हा उभ्यानं पडला. खाली सपाट, वर वळ्या.
पाणी पिऊन निवांत होतं जनावर."
दुसरा लांबट, शेपूट निघालेला.
"हा चालता चालता.
भ्यालं होतं का कळप पुढं गेला होता,
ते मले नाही सांगता येत."
तिसरा हातात धरून बराच वेळ गप्प.
"हे दुसऱ्याच जनावराचं हाय, बाई."
मॅडमची पेन्सिल थांबली,
मग इतकी पळाली की टोक तुटलं.

दिवाळीनंतर त्या फोटो घेऊन आल्या.
गोट्याची कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ चकती
भिंगाखाली धरली, तर आत काचेचे कण,
डमरूच्या आकाराचे.
गवताच्या पानातले.
पान कुजतं, पोट कुजतं, कण राहतो.
"तेव्हा गवत उगवलंच नव्हतं,
असं आम्ही शिकलो होतो," मॅडम म्हणाल्या.
काही कण तर धानाच्या भाऊबंदातले.

माय ब्रह्मपुरीकडची.
लग्न होऊन इकडं कापसात आली, धान मागं सुटला.
बोटांवर कापणीच्या बारीक रेघा अजून आहेत.
"पातं कापते ते यानंच का?"
"यानंच."
"मंग त्याच्या जिभेलेबी कापलं असंल."

मग तिनं विचारलं, रवंथ करत होतं का.
नाही. दात खुंट्यांसारखे,
ओरबाडायचं आणि गिळायचं.
"म्हणजे सारं काम पोटावर," माय म्हणाली,
आणि हातांनी हवेत एक पोट काढलं
जे गोठ्याच्या बाहेर गेलं.

"एवढ्या मोठ्या जनावराचं शेण
उचलत कोण होतं?"

मॅडमनी दुसरा फोटो काढला.
दगडात बोटाएवढी बिळं, मातीनं भरलेली.
शेणकिडे असावेत, म्हणाल्या,
खात्री नाही अजून.
मायला खात्री होती.
"त्यायचंच काम असंल. नाहीतर चालाले जागा राहिली नसती."

लेख निघाला दोन वर्षांनी, इंग्रजीत, बावीस पानांचा.
आमचा लाल पट्टा त्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा.
शेवटच्या पानावर एका ओळीवर मी बोट ठेवलं,
वाचून दाखवलं:
पी. नन्नावरे, तोंडी माहिती.

माय टोपलं घेऊन निघाली होती.
दारातच थांबली.
"तोंडी?
मी तं हातानं सांगतली होती."