लवंगी

तिचं कागदावरचं नाव डेझी.
मिरजेच्या दवाखान्यातले डॉक्टर बदलून गेले,
जाताना टोपलीसकट देऊन गेले मगदूमांच्या पेढीवर:
टेरियर आहे, म्हणाले, उंदरांचं बघेल.
शिदरामनं टोपलीत डोकावून पाहिलं.
"एवढंसं? ह्याला तर घूसच उचलून न्हील की ओ."
तेवढ्यात करंगळीला दात लागले.
नाव तिथंच बदललं.

केस काथ्यासारखे, उलटा हात फिरवला तर टोचणारे,
पांढरे. म्हणजे मुळात पांढरे;
हळदीच्या आडतीत काय पांढरं राहतं?
रविवारी शिदराम तिला नळाखाली धरतो,
पाणी पिवळं जातं, पिवळंच जात राहतं,
सोमवारी सौदे सुटेपर्यंत पुन्हा हळदीची नवरी.
हनुवटीला दाढी, भुवया रिटायर मास्तरासारख्या,
एक कान दुमडलेला, दुसऱ्याचं अजून ठरलेलं नाही.
शेपूट बोटभर, कारभार हातभर.

स्वभाव?
मी तीस वर्षं तोलाईदार आहे, वजनं मला कळतात.
सात किलो तीनशे. पोत्यांच्या काट्यावर स्वतः घेतलं.
पण हे तिला कुणी सांगितलेलं नाही.
दहा चाकी ट्रक मागं येतो तेव्हा ती वाटेत उभी राहून त्याला धमकावते.
ट्रक थांबतो, क्लीनरनं हात दाखवला म्हणून.
ती मान वळवून आमच्याकडे बघते:
बघितलंत?
एकदा धरलं की सोडणं नाही.
बारदानाचं टोक, शिदरामचं धोतर,
एकदा जीएसटीवाल्या साहेबाची पिशवी.
हाक मारली तर ऐकते. म्हणजे ऐकू येतं तिला.
यायचं की नाही, ते नंतर.

अडचण आदगोंडा अण्णांची.
दिवस मावळायच्या आत जेवणारा माणूस,
पाणी गाळून पिणारा, गोदामात विष ठेवू न देणारा.
त्यांना वाटलेलं, कुत्रं नुसतं भुंकेल, उंदीर समजून जातील.
पहिल्याच आठवड्यात तिनं गादीवर, खतावणीला लागून,
एक आणून ठेवला.
मान मोडलेला, बाकी नीटनेटका.
अण्णांनी त्या दिवशी अन्न घेतलं नाही.
उंदराशेजारी बसून णमोकार म्हटला,
आणि ती समोर, मान तिरकी करून,
न ठरलेला कान उभारून, शेवटपर्यंत ऐकत राहिली.
आपलं कौतुक चाललंय, एवढीच समजूत.
दुसऱ्या दिवशी दोन आणले.

पुढे उपास सुटले, णमोकार तेवढा राहिला.
"देऊन टाका कुणाला तरी," मी म्हणालो.
"देतो," अण्णा म्हणाले.
ह्याला दोन दिवाळ्या झाल्या.

परवा हरिपूरला गेलो, अण्णांच्या जुन्या पेवांकडे.
पुराच्या वर्षी पाणी शिरलं, तेव्हापासून रिकामी.
माती दिसल्यावर तिच्या पायांत काहीतरी फार जुनं जागं झालं,
आम्ही फावडं काढेपर्यंत तिनं हातभर उकरलेलं.
तोंड उघडलं. शिदरामनं रीतीप्रमाणे आधी कंदील सोडला.
विझला.
"हवा न्हाई," म्हणाला.
अण्णांनी तिला काखेत गच्च धरलं.
ती आत भुंकली.
आतून कुणीतरी भुंकलं,
जाड आवाजाचं, तिच्याहून थोराड.
ती पुन्हा. ते पुन्हा.
शेवटचा शब्द आपलाच, असा तिचा जन्माचा नेम,
आणि पेव ऐकेना.

पलीकडे वारणा कृष्णेत मिसळत होती, कुठलाही आवाज न करता.
अण्णांच्या जेवणाची वेळ सरत आली, तरी ते उठेनात.
काखेत ती थरथरत होती.
रागानं. भीतीचं वजन वेगळं असतं.
शेवटी अण्णा पेवाच्या तोंडाशी वाकले
आणि त्या अंधाराला म्हणाले,
"बास कर की रे आता. लहान आहे ती."

परतताना रिक्षात ती त्यांच्या मांडीवर झोपली,
नखांत माती, दाढीला माती,
झोपेतही एक गुरगुर बाकी.
पुलावर आलो तेव्हा सूर्य बुडालेला.
तिच्यापायी अण्णांचा हा दुसरा उपास.