न फाडता

लसूणघासाची पिशवी वाजली
आणि पेकास ओरडला नाही.

आम्ही कुणी मनावर घेतलं नाही. लिमात जून लागला
की सगळंच ओलं आणि संथ होतं,
दोरीवरचे मोजेसुद्धा आठवडाभर विचार करतात
वाळावं की नाही.
यादिरा म्हणाली, झोपलाय.
मी म्हटलं, वय झालं गं, पाच वर्षांचा गिनिपिग म्हणजे.
आईनं मात्र सुरी खाली ठेवली,
हात पुसले
आणि त्याला उचललं. उताणं नाही.
एक तळवा खाली, एक वर, निखारा झाकून न्यावा तसा.

कान गार आहेत, म्हणाली.
कूस बघ, भात्यासारखी. पोटानं ओढतोय श्वास.
ओठ जरा फाकव. हिरड्या जांभळट.
मग त्याला कानाशी धरलं खूप वेळ.
आत कुणीतरी
वाळक्या पानांवरून चालतंय, म्हणाली.

आयाकुचोच्या वर, तिच्या गावी,
चुलीमागे चाळीस असायचे.
कुय. त्यांनीच ओरडून स्वतःला दिलेलं नाव.
एकेकट्याला नाव नसायचं,
नाव ठेवलं की घास घशाखाली उतरत नाही.
कोण भरतोय, कोण झडतोय
हे बोटांना कळायचं,
आणि झडणारा आधी हंडीत जायचा.
तेवढाच उपचार.

दोनशे बारा पायऱ्या उतरून, दोन बस बदलून,
खोक्याला भोकं पाडून, यादिराच्या शाळेच्या स्वेटरात
आम्ही त्याला नेला.
डॉक्टर रिकापा तरुण होते, त्यांचे हात गार नव्हते.
फासळ्यांजवळचे टिचभर केस काढले,
वर थोडा गार चिकट लेप,
आणि पडद्यावर
करड्या धुक्यात उघडझाप करणारं काहीतरी,
इतकं घाईत, की मोजायला घ्यावं
तर आकडा जिभेवरच राहावा.
मोठं झालंय, डॉक्टर म्हणाले. सैल पडलंय.
हे काळं दिसतंय ना भोवती, ते पाणी.

बाबांची छाती भरली त्या वर्षी
गावच्या वैदूनं एक काळा कुय
त्यांच्या अंगावरून फिरवला होता,
कपाळ, गळा, छाती, पुन्हा छाती.
मग तो फाडला, पाण्याच्या वाडग्यात धरला
आणि आत वाचलं.
काळीज, म्हणाला.
मी नऊ वर्षांची. वाडगा मीच धरला होता.
वैदू चुकला नव्हता.

आई पडद्याकडे बघत होती, हात तोंडावर.
न फाडता? तिनं विचारलं.
छे, न फाडता, डॉक्टर म्हणाले,
फक्त औषधं.
त्यांना वाटलं, ती शस्त्रक्रियेचं विचारतेय.

एक औषध पाणी उतरवायला,
एक काळजाला हात द्यायला,
सकाळ-संध्याकाळ, बिनसुईच्या सिरिंजनं,
पुढच्या दातांमागे फट असते तिथून, बाजूनं, थेंब थेंब.
घाई केली तर फुप्फुसात जाईल.
तो खूप मुतेल, मुतू द्या, तेच हवंय.
प्यायचं पाणी तोडू नका.
रोज वजन.
बरा होईल? यादिरानं विचारलं.
नाही, ते म्हणाले. पण राहील.
काही महिने. कधीकधी त्याहून जास्त.

माझी तीन दिवसांची शिलाई त्या दोन बाटल्यांत गेली.
मी बसमध्ये बोलले तसं. बोलायला नको होतं.
गावी असतीस तर काय केलं असतंस, आईला विचारलं.
खाल्ला असता, ती म्हणाली,
आणि खोक्याच्या भोकात बोट घालून बसली
दोन्ही बस.

आता डाळीच्या तराजूत रोज पहाटे तो बसतो.
आईला अक्षरं येत नाहीत, आकडे येतात.
औषधवाल्याच्या कॅलेंडरवर तिचे मोठे, तिरके आकडे:
८७०. ८५५. ८४१.
एका दिवशी काहीच नाही, नुसता ठिपका,
त्या दिवशी काय झालं ते ती सांगत नाही.
मग ८४६.
चादरी वाळत नाहीत. पेकास अर्धवट ओरडतो,
पाणी शिरलेल्या शिट्टीसारखा,
तोही रोज नाही.

काल संध्याकाळी दारात बसून
आई सुरीला धार लावत होती.
यादिरा घाबरून माझ्याकडे बघायला लागली.
जाड देठ चावताना त्याला दम लागतो,
आई मान वर न करता म्हणाली.
आण तो घास इकडे. बारीक चिरते.