षष्ठीची भरती

रविवारी षष्ठी होती.
तिथीची पाऊणपट, म्हणजे साडेचारला भरती,
हे बाळाराम नाखवांनी बोटांच्या पेरांवर मोजून
मला बुधवारीच सांगितलं होतं.
मी 'सोयीची वेळ' या रकान्यात साडेपाच लिहिलं,
कारण साहेबांना ऊन सोसत नाही.

दिवाळे गावाच्या जेट्टीवर
केशरी लाइफ जॅकेटं वाळत घातलेली,
त्याच काठीला पुढे बोंबील.
भिंतीवर रंगवलेले फ्लेमिंगो;
एकाचा गुडघा माणसासारखा पुढे वाकलेला.
माझ्या हातात बावीस प्रश्नांचा फॉर्म:
खाडीकिनारी पर्यटनवाढीवर परिणाम करणारे घटक.
रस्ता, पार्किंग, स्वच्छतागृह, खाद्यपदार्थ,
स्थानिकांची वृत्ती, एक ते पाच.

ठमाबाय चिंबोऱ्यांचे आकडे सुतळीनं बांधत होती.
वर न बघता म्हणाली,
"तिखट कमी कर म्हनले, केलं.
आता म्हंतात घरच्यासारखं नाय लागत.
कोनाच्या घरच्यासारखं, ते कोन सांगत नाय."
मी लिहिलं: समाधानकारक.

साहेब सहाला आले.
नाखवांनी पाण्याकडे पाहिलं, मग साहेबांच्या बुटांकडे,
आणि इंजिनाची दोरी ओढली.
बोटीच्या परवान्याची फाइल
साहेबांच्याच टेबलावर होती.
हा घटक माझ्या फॉर्ममध्ये नव्हता.

पक्षी दिसले.
दिसले म्हणजे काय, सगळा चिखलच गुलाबी झाला होता
आणि चालत होता.
साहेब म्हणाले, अजून थोडं जवळ.
नाखवा म्हणाले, पानी उतरतंय.
साहेब म्हणाले, थोडंच.

सात वाजता बोट बसली.
आवाज असा काही झालाच नाही.
म्हैस बसते तशी बसली.

"आता?"
"आता अडीच."
"अडीच तास?"
"रातचे अडीच."

समोर नेरुळच्या इमारती एकेक करून पेटल्या.
चौदाव्या मजल्यावरची आमची खिडकी मला दिसत होती.
फोन केला. मुलानं दिवा लावला,
विझवला, लावला.
इतकं जवळ,
आणि मधे गुडघाभर, मग कमरेभर,
मग कुणी मोजला नाही इतका चिखल.

साहेबांनी दोघांना फोन लावले, तिसरा लागला नाही.
मग बूट काढले.
मग मोजे.
ठमाबायनं नाखवांना दिलेला डबा उघडला गेला,
चिंबोरी, बिनतिखट न केलेली,
आणि साहेब नाक पुसत जेवले
आणि पुन्हा भाकरी मागितली.

अंधारात पक्षी दिसेनासे झाले, पण बोलायचे थांबले नाहीत.
बदकांच्या बाजारासारखा कलकलाट,
मधेच पाणी चाळल्याचा आवाज.
निवट्या बोटीच्या कडेला टपटप उड्या मारत होत्या.
मी मोबाइलच्या उजेडात फॉर्म काढला.
प्रश्न सतरा: परिसराची स्वच्छता.

नाखवा बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग बिल्डिंगांकडे हनुवटी केली.
"तुमचं संडासाचं पानी कुठं येतं, बाय?
हितं.
त्याच्यावर शेवाळ, शेवाळावर हे.
माझ्या बापाच्या टायमाला पानी साफ होतं.
जिताडा होता, कोलंबी होती,
यातलं एक पन नव्हतं.
आता मासा नाय, पक्षी हाय.
तुमीच सांगा, किती मार्क देऊ."

साहेब झोपले होते, किंवा तसं दाखवत होते.
मी पेनाचं टोपण लावलं.

अडीचला बोट हलली. अडीचलाच.
जेट्टीवर उतरताना साहेबांनी
नाखवांचा हात धरला, सोडायला जरा उशीर केला,
बोलले मात्र काही नाहीत.

सोमवारी ऑफिसात फॉर्म जमा करायचे होते.
सतरावा प्रश्न कोरा म्हणून माझा परत आला.

पुढच्या रविवारी त्रयोदशी.
मी पेरांवर मोजलं: पावणेदहा.
साहेबांना मेसेज केला,
बोट सकाळी साडेआठला सुटेल.
दोन निळ्या खुणा आल्या.
उत्तर अजून नाही.