सोमवारचा चहा

आमच्या फाटकावर पाटी आहे :
घरगुती जेवण मिळेल.
खाली बांगड्याचं चित्र.
पेंटरच्या हातून त्याचा डोळा चुकून माणसासारखा झालाय.
मी रोज त्या डोळ्याखालून पाण्याच्या कळशा नेते.

सीझनला साठ ताटं, मे महिन्यात ऐंशी.
तिरफळं ठेचून ठेचून उजव्या हाताला वास बसलाय,
लग्नाला नटून गेले तरी तो माझ्याआधी पोचतो.
पुण्याच्या बाई सोलकढीचा तिसरा पेला मागतात,
म्हणतात, काकू, अगदी घरच्यासारखं हो!
मी हसते.
घरी मी नारळ खवता खवता उभ्याने पेज पिते,
आणि चहा
सकाळी सहाला ओतलेला,
कपावर बशी, बशीवर मिठाची वाटी,
साडेनऊला आठवतो.
साय बोटाने काढायची, काढ्यासारखा गिळायचा.

सोमवारी मासळी नाही, गिऱ्हाईक नाही.
सोमवारी मी साडी बदलते,
छत्री घेते, ऊन असो नसो,
आणि वेंगुर्ल्याच्या बंदराकडे चालत जाते,
बस्त्यावच्या हॉटेलात.
हॉटेल आपलं म्हणायचं. चार बाकडी, जाळीचं कपाट,
कपाटात खाजं आणि कालचे की परवाचे बटाटेवडे.

पहिल्यांदा निघाले तेव्हा ह्यांनी विचारलं,
"घरात चाय नाय काय?"
म्हटलं, "आसा. पण ती माका करूची लागता."
ते काही बोलले नाहीत.
पुढच्या सोमवारी पायरीवर
माझ्या चपला सरळ करून ठेवलेल्या होत्या.

बस्त्यावचा चहा चांगला नसतो.
खोटं कशाला बोलू?
पावडर उकळून कडू झालेली, दूध हात राखून,
आलं असलं तर असलं.
काळ्या वाटाण्याच्या उसळीत तो मीठ विसरतो.
वाटण कुठे कच्चं राहिलंय, कांदा किती घाईने उतरवलाय,
सगळं जिभेला कळतं.
जिभेला म्हणते, गप्प बस, आज तुझीही सुट्टी.
पाव मोडते. बसून.
दोन्ही पाय जमिनीला टेकवून.
समोर वाळूत ओढलेल्या होड्या,
एकीच्या सावलीत कुत्रं निजलेलं,
आणि पोरगा येऊन विचारतो,
"काकी, साखर किती?"

सत्तावीस वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं.
पहिल्या दिवशी उत्तरच येईना.
घरी सगळ्यांची मिळून एकदाच साखर पडते,
त्यातली माझी कुठली?
म्हटलं, "घाल तू. बघूया."

एकदा दुपारी उशिरा गेले, तर बस्त्याव
गल्ल्यामागे पाठ करून
पिशवीतून स्टीलची बाटली काढत होता.
झाकणात ओतला कोरा चहा,
बायकोने घरून भरून दिलेला.
मला बघून ओशाळला.
"आपली चाय आपणाक गोड लागणा नाय, वयनी."
मी छत्री दुसऱ्या हातात घेतली,
म्हटलं, माका ठावक आसा.

परवा बुधवारी तो जेवायला आला.
बायको मडगावला, मुलीच्या बाळंतपणाला.
सगळ्यांसारखंच ताट वाढलं,
सुरमईची तुकडी तेवढी शेपटीकडची नाही दिली.
खाली मान घालून जेवला,
भात दोनदा घेतला,
नको नको म्हणताना पैसे ठेवले,
आणि चपला घालताना म्हणाला,
"बरा झाला."
एवढंच. घरच्यासारखं नाही म्हणाला.

मी आत जाऊन चहा टाकला,
एकटीपुरता, छोट्या टोपात.
साखरेचा चमचा हातात धरून उभी राहिले
आणि विचारलं, किती?
बराच वेळ कोणी बोललं नाही.
मग आलं उत्तर. दीड.

कप भरला, स्टूल ओढलं,
तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली.
सात माणसं.
त्यातली दोन शाकाहारी.
कपावर बशी ठेवली.