तखल्लुस

फॉर्मवर चार रकाने होते.
नाव : उमैमा हर्णेकर. वय : सोळा.
भाषा, इथे पेन अडलं.
मुकादम अंकल वर न बघता म्हणाले,
"उर्दू लिही बेटा. मुशायरा आहे."

शाळेत अरबी, जिन्यात मल्याळम,
निकालाच्या दिवशी इंग्रजी,
दुआ कुठल्या भाषेत मागते ते अल्लाला ठाऊक,
पण इस्त्रीचा चटका बसला की
"आये गो!"
मी लिहिलं : मराठी.

चौथा रकाना तखल्लुसचा.
हर्णेला मी दोनदाच गेले,
एकदा दादांच्या मय्यतीला,
एकदा उन्हाळ्यात, तेव्हा दुधाचा दात
तिथल्या कौलांवर फेकला.
बाकीचे सगळे दात इथले, फहाहीलचे,
खारट पाण्यावर आणि खुबूसवर वाढलेले.

शाळेच्या तळघरात खुर्च्या, अत्तर,
डब्यातून सांदणांचा वास.
एकेक जण उठून वतनवर शेर म्हणत होता
आणि घड्याळ बघत होता,
पहाटे साडेचारला कंपनीची बस.

माझी पाळी आली. कागद ओला झाला होता.

अब्बा बंदरावर क्रेन चालवतात
दिवसभर समुद्र त्यांच्या पायाखाली
आणि वीस वर्षांत
पाय भिजला नाही

कोणी वाह म्हणालं नाही.
मराठीला दाद कशी द्यायची
हे त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं.
पंखा तेवढा फिरत राहिला.
मग चहाच्या पिंपामागून,
हातात गाळणी तशीच धरून, गुलामचाचा :
"परत बोल गो. ती पायाची."

मी परत बोलले.
अब्बा तिसऱ्या रांगेत, बुटांकडे बघत.

शेवटी अंकलनी फॉर्म वाचला,
चष्मा सरकवून पुन्हा वाचला :
"शायरा... फहाहीलकर?"
हशा पिकला. मीही हसले थोडी.
या देशात कर नाही, सगळे कौतुकाने सांगतात,
म्हणून मी माझा मीच लावून घेतला.

गाडीत अब्बा गप्प.
सिग्नलला पुटपुटले, "फहाहील... कर,"
दोराची गाठ ओढून बघावी तसे.
रिफायनरीची ज्योत काचेत हलत होती.
मग म्हणाले, जूनमध्ये इकामा संपतोय,
उद्या फोटो काढून घे.
चार प्रती.
कान दिसायला हवेत म्हणतात.