सहा पॉइंट तीन

धंतोलीच्या लॅबमधून एकाच पाकिटात आले
दोघांचे रिपोर्ट.
तिचा सहा पॉइंट तीन. माझाही.
पत्रिकेत जुळले नव्हते एवढे गुण
तेवीस वर्षांनी रक्तात जुळले, मी म्हटलं.
कुमुद हसली नाही.
डब्यातली साखर खालच्या ढोकेबाईंना देऊन आली.

मला वाटलं, दुखणं एक तर दवाही एक.
एकच पट्टी आणू, अर्धी अर्धी वाटून घेऊ,
एसटीत खारे दाणे घ्यायचो तशी.

डॉक्टर बोकडेबाई पेन्सिलनं लिहितात.
दोघांच्या दंडाला एकेक चकती लावली,
रुपयाएवढी, चौदा दिवसांची,
आणि म्हणाल्या, काही सोडू नका.
जगता तसं जगा, मला नुसतं पाहू द्या.

मे महिना, पारा पंचेचाळीस.
माझी चकती घामानं सुटायला लागली,
तर हिंगण्याच्या प्लांटमध्ये, भट्टीपाशी,
बारापात्रेनं तिच्यावर इन्सुलेशन टेप मारला.
तिच्याकडे माप द्यायला आलेल्या बायका विचारायच्या,
हे काय वं, चार्जिंगचं आहे का?

मग रेषा निघाल्या.
रविवारचं सावजी मटण, ज्याचं आम्हाला भ्या,
त्यानं तिची रेषा हललीसुद्धा नाही.
सोबतचा भात मात्र थेट सीताबर्डीचा किल्ला.
कोरडे पोहे वाईट,
चण्याची तर्री घातलेले त्यातल्या त्यात बरे.
हे मी कोणाला सांगू? कोण विश्वास ठेवील?

माझी रेषा जेवणाला जुमानतच नव्हती.
नाइट संपवून सकाळी सातला
उपाशीपोटी कूलरसमोर आडवा व्हायचो,
आणि ती आपली चढत असायची.
बाई म्हणाल्या, तुमचं ताट पाहिलं,
आता घड्याळ दाखवा.

मग तिच्याकडे वळून,
सहज, पाणी विचारावं तसं,
बाळंतपणात साखर वाढली होती का?

कुमुदनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.
हो. सातव्या महिन्यात, मेडिकलला.
पोरगी झाली अन् गेली आपोआप.
नंतर कोणी विचारलं नाही.

मीही नाही.
मला माहीतच नव्हतं.
त्या वर्षी मी चंद्रपूरला
ओव्हरटाइम करत होतो.

कागद दोन निघाले.
तिच्या कागदावर रात्रीच्या जेवणासोबत एक गोळी,
भात अर्धी वाटी, आणि तोही शेवटी.
माझ्या कागदावर गोळीच नाही,
मॅनेजरच्या नावानं चिठ्ठी, रात्रपाळ्या कमी करा.
ऑटोत मी धुसफुसत होतो,
आकडा एक, मग मला काहून नाही गोळी?
ती म्हणाली, तुमचा शर्ट अन् बारापात्रेचा शर्ट
छाती चाळीसच आहे ना जी दोघांची?
बाह्या पाहा एकदा.

मॅनेजरनं चिठ्ठी वाचली, पेपरवेटखाली ठेवली.
अजून तिथंच आहे.

तीन महिन्यांनी तिचा पाच पॉइंट आठ.
माझा, जसाच्या तसा.
बाईंनी खोडरबर काढला, अर्धा कागद खोडला,
कण फुंकले, त्यातले काही माझ्या मांडीवर पडले.
चला, परत सांगा. दिवसा किती वेळ झोपता?
मी तोंड उघडायच्या आत कुमुद म्हणाली,
झोपतात कुठं, नुसते पडून राहतात.
अन् पलीकडे माझी मशीन.

तेव्हापासून नऊ ते एक मशीन बंद असते.
दाराबाहेर, पायरीवर बसून
ती हातानं काजं करते, हुक लावते, तुरपाई करते.
दिवसाला दोन ब्लाउज कमी निघतात.
कधी कात्री फरशीवर पडते
आणि तिचा श्वास थांबलेला मला आतून कळतो.

झोप अजून लागत नाही.
पण मी डोळे मिटून पडतो,
मुकाट्यानं, कूस न बदलता.
दोन ब्लाउजांची शांतता आहे ती,
वाया कशी घालवू?