इतिवृत्तात न घेतलेलं

ऑक्टोबरची चौदा, मंगळवार, संध्याकाळी सात.
नगरगृहाच्या तळघरात हजर: त्रेपन्न माणसं,
एक कुत्रं, बांधलेलं,
आणि टेबलावर पुठ्ठ्याचं आमचं बंदर,
काडेपेटीएवढ्या घरांचं.

विषय क्रमांक तीन:
वॉटर स्ट्रीट आणि दोरवाल्यांच्या गल्लीचा कोपरा.
पाच मजले. काच, करडा पत्रा, सपाट छप्पर.
एवढं मी रीतसर लिहिलं.
एकतीस वर्षं लिहितेय:
सूचक, अनुमोदक, वेळ संपली.

लिंडक्विस्टबाई वीस मिनिटं बोलल्या.
पडद्यावर चित्र, निळं आभाळ,
फुटपाथवर माणसं, सगळी सडपातळ,
कुणाच्या हाताला पिशवी नाही, छत्री नाही.
मागून इल्डा फर्ताडो म्हणाली,
"ह्यांच्यातलं एकही लंगडत नाही.
आपल्या गावची नव्हेत ही."
हशा झाला.
हशा मी लिहीत नाही.

मग एकेकाला तीन मिनिटं.
वेंडेल पीझ, गवंडी, ऐंशी उलटलेला,
त्यानं कोटाच्या खिशातून वीट काढली
आणि ठेवली सरळ माझ्या वहीवर.
जुनी वीट, कडा झिजलेली,
एका अंगाला मांजराचं पाऊल:
भट्टीत जाण्याआधी, ओली असताना उमटलेलं.
"पत्र्यावर," तो म्हणाला,
"मांजर काय ठेवून जाणार?"
आणि बसला. अडीच मिनिटं शिल्लक ठेवून.

अर्मांडो न्हाव्यानं सावली मोजून आणलेली.
डिसेंबरात दीड वाजता उंबऱ्यात,
दोनला खुर्चीत, अडीचला आरशात.
"कान कापला कुणाचा, तर नगरपालिका शिवणार?"
कुणी म्हणालं, एवढीशी गल्ली,
आणि हा नाकापेक्षा जड मोती.
कुणी गाड्या कुठं लावायच्या ते विचारलं,
कुणी गटार. कुणी पुन्हा गाड्या.
थिओडोरा बेकेट म्हणाली, खिडक्या उघडत नाहीत म्हणे,
मग समोरच्या घराशी भांडायचं कसं?

सर्वांत शेवटी केझिया.
वृद्धाश्रमात रात्रपाळी करते, गणवेशातच आलेली.
कागद नव्हता हातात.
"माझा पणजोबा त्या गल्लीत दोर वळायचा.
मला परवडतं ते घर चौतीस मैलांवर आहे.
चित्रात तिसऱ्या मजल्यावर, कोपऱ्याला,
एक दिवा लागलाय.
तो कुणाचा, तेवढं सांगा."

लिंडक्विस्टबाईंनी पानं उलटली.
म्हणाल्या, भाडं अजून ठरायचंय.
वेंडेल बुटांकडं बघत राहिला.
कुत्र्यानं जांभई दिली, मोठी, आवाजासकट.

माझ्या पर्समध्ये हरकतीचं पत्र होतं,
दोन पानी, टाईप केलेलं.
माझ्या स्वयंपाकघरातून समुद्र दिसतो,
बोटभर,
बरोबर त्या कोपऱ्याच्या डोक्यावरून.
लिपिकानं सभेत बोलू नये असा नियम आहे.
आयुष्यात पहिल्यांदा
नियमाच्या आड बसून बरं वाटलं.

ठराव पुढील सभेपर्यंत तहकूब.
माणसं गेली. खुर्च्या मी एकावर एक चढवल्या.
वीट राहिलेली.
उचलली, आणि उगाच
पुठ्ठ्याच्या त्या रिकाम्या चौकोनावर ठेवून पाहिली.
बसेना.
गल्ली तिच्याखाली गेली, अर्मांडोचं दुकान गेलं,
माझं घरही,
चिमणीचं टोक तेवढं बाहेर.
घाईनं उचलली,
तर गावावर लाल भुकटी सांडलेली.
फुंकर मारली. हलली नाही.

दिवे मालवले नऊ दहाला. हे लिहिलंय.
शेवटची बस नऊ पाचची असते.
वर आले तर पायरीवर केझिया,
फोनच्या उजेडात चेहरा,
कुणाला तरी विचारत होती,
येतोस का न्यायला.

मी पर्समध्ये चाचपलं.
आधी ते पत्र हाताला लागलं,
मग गाडीची किल्ली.